पन्नाशीचा खांदा आणि वाऱ्याचं गाव

ऑगस्ट २०२४. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला उजवा हात वर केला आणि खांद्यात अशी कळ आली की डबा खाली, पोहे ओटाभर आणि मी ओट्याला टेकून उभी. पुण्याहून बॅगेतून आणलेले ते शेवटचे पोहे. पहिलं वाईट त्यांचं वाटलं. खांद्याचं नंतर.

आम्ही मार्च २०२४पासून तैवानच्या शिन्चू शहरात राहतो. नवरा सेमीकंडक्टरवाला, मी बँकेतली बावीस वर्षांची नोकरी सोडून त्याच्या मागून आलेली. खांदा धरला तेव्हा वय ४९. इथल्या चिनी वैद्याकडे आठ महिने गेले, सुया टोचून घेतल्या, पुड्या खाल्ल्या. इथे नव्याने आलेल्या दोघी-तिघींनी विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. बँकेच्या सवयीने पावत्या जपलेल्या आहेत, त्यामुळे तारखा आणि आकडे स्मरणातून काढलेले नाहीत.

तर पोह्यांनंतर. आठवड्याभरात केस बांधता येईनात. पाठीमागे हूक लावणं बंद झालं. उजव्या कुशीवर वळलं की झोप मोडायची. आधी वाटलं आखडला असेल, तेल लावलं, शेक दिला. पंधरा दिवसांनी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला (हाड ठीक), हात धरून बाहेरच्या बाजूला फिरवायचा प्रयत्न केला, मी ओरडले, आणि त्यांनी कागदावर तीन चिनी अक्षरं लिहिली : वू-श-ज्येन. भाषांतराच्या ॲपने सांगितलं, ‘पन्नास खांदा’. मला वाटलं यंत्र चुकलं. पण खरंच, आपण ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतो त्याला इथे पन्नाशीचा खांदा म्हणतात. पन्नाशीला अजून अकरा महिने होते माझ्या. जरा रागच आला.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, सांध्याभोवतीचं आवरण सुजून आकसलंय. आधी दुखत दुखत आखडतो, मग नुसता आखडलेला राहतो, मग हळूहळू सुटतो, आणि या सगळ्याला एक ते तीन वर्षं लागू शकतात. दोन, मधुमेह असणाऱ्यांना हे जास्त होतं, म्हणून साखर तपासा. (तपासली. तीन महिन्यांची सरासरी ५.९, म्हणजे काठावर. हे कळलं हाच त्या खांद्याचा सगळ्यात मोठा उपकार.) तीन, वाटल्यास स्टेरॉइडचं इंजेक्शन, नाहीतर व्यायाम. इंजेक्शन मी टाळलं, काही ठाम कारणाने नाही, भीतीने. एक्स-रे आणि तपासणी मिळून १,३५० तैवानी डॉलर झाले. तैवानी डॉलर म्हणजे तेव्हा साधारण अडीच-पावणेतीन रुपये, हिशेब तुम्हीच करा. ही रक्कम पूर्ण खिशातून गेली, कारण माझं विम्याचं कार्ड अजून आलेलं नव्हतं.

आता हे नीट वाचा, कारण इथे बऱ्याच जणींचं गणित चुकतं. तैवानचा राष्ट्रीय आरोग्य विमा १९९५पासून आहे आणि परदेशी रहिवाशांनाही तो मिळतो. जो नोकरीवर येतो त्याला रुजू झाल्या दिवसापासून. पण त्याच्यासोबत आलेल्या नोकरी न करणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला रहिवासी कार्ड मिळाल्यापासून सहा महिने इथे राहावं लागतं. मध्ये एकदाच देशाबाहेर जाता येतं, तेही तीस दिवसांच्या आत, आणि बाहेर राहिलेले दिवस पुढे जोडले जातात. मी जूनमध्ये सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस पुण्याला जाऊन आले होते. म्हणजे माझे सहा महिने ८ सप्टेंबरला न भरता १९ सप्टेंबरला भरले. दुसऱ्यांदा गेले असते तर मोजणी पहिल्यापासून. विमा लागू होण्याआधीचा खर्च नंतर परत मिळत नाही. अर्ज नवऱ्याच्या ऑफिसातून गेला आणि १ ऑक्टोबरला कार्ड हातात आलं. त्यावर फोटो हवा असेल तर तो आधी काढून ठेवा. कार्ड हरवलं तर नव्याचे २०० डॉलर पडतात.

त्या दीड महिन्यात मी काय केलं? रोज सकाळी हळद घातलेलं दूध प्यायले आणि भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम केला. भिंत घरमालकाची, म्हणून दाराच्या मागे कागदाची लांब पट्टी चिकटवली आणि बोट जिथवर पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख टाकायला लागले. मुलं लहान असताना त्यांची उंची अशीच दारामागे मांडायचो.

चिनी वैद्याकडे जायचं डोक्यात घातलं समोरच्या घरातल्या आजींनी. इथे आजीला ‘आमा’ म्हणतात, मीही म्हणते. सप्टेंबरअखेर मी बाल्कनीत एका हाताने कपडे वाळत घालत होते. शिन्चूचं टोपणनाव फंगछंग, वाऱ्याचं शहर. पावसाळा ओसरला की ईशान्येचा वारा असा सुटतो की त्याच्यावर इथले लोक तांदळाच्या शेवया वाळवतात आणि शेजारच्या शिन्पू गावात पर्सिमनची फळं सुकवतात. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं केशरी, गरगरीत फळ. तर त्या वाऱ्यात मी, बाह्या नसलेल्या कुडत्यात. आमांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आभाळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “फंग!” वारा. मग माझ्या मानेभोवती ओढणी गुंडाळली.

मला एकदम आजोळ आठवलं. ‘कानाला रुमाल बांध, वारं लागेल.’ ‘बाळंतिणीच्या अंगात वारं शिरतं.’ चिनी वैद्यकात वारा हा खरोखरच आजाराच्या सहा बाह्य कारणांतला पहिला : वारा, थंडी, कडक ऊन, दमटपणा, कोरडेपणा आणि आग. वारा एकटा येत नाही, थंडीला नाहीतर दमटपणाला सोबत घेऊन शरीरात शिरतो असं ते मानतात. मानेच्या मागे, कवटीच्या खाली जे दोन खळगे असतात, त्या जागेचं नावच ‘वाऱ्याचं तळं’. आमांनी ओढणी गुंडाळली ती बरोबर त्याच जागेवर.

८ ऑक्टोबर, मंगळवार. चिनी वैद्यकाचा दवाखाना आमच्या गल्लीपासून चालत सात मिनिटांवर. खिडकीवर विम्याचं कार्ड दिलं, फॉर्म भरला. नोंदणीचे १०० आणि रुग्णाच्या वाट्याचे ५०, एकूण १५०. पावतीवर तारीख होती ११३/१०/०८. मी ‘११३’ हा माझा नंबर समजून पाऊण तास पडद्याकडे बघत बसले. तैवानात सरकारी वर्ष १९१२पासून मोजतात, म्हणजे २०२४ हे त्यांचं ११३वं. माझा नंबर १७ होता आणि केव्हाच पुकारून झाला होता. जाताना हे लक्षात ठेवा, शिवाय आपला नंबर चिनीत कसा म्हणतात तेवढं तरी पाठ करून जा.

डॉक्टरबाई पस्तिशीच्या. भिंतीवर तायचुंगच्या चायना मेडिकल युनिव्हर्सिटीची पदवी. तैवानात चिनी वैद्यकाचे डॉक्टर विद्यापीठात शिकून राष्ट्रीय परीक्षा देऊन येतात, आणि शरीरशास्त्र, आधुनिक निदान हेही शिकलेले असतात. माझा एक्स-रे त्यांनी आधी पाहिला. मग टेबलावर छोटी उशी ठेवली, माझं मनगट त्यावर, आणि तीन बोटं नाडीवर. आधी एक हात, मग दुसरा. प्रत्येक मनगटावर तीन जागा, प्रत्येक जागा वेगवेगळ्या अवयवाची, आणि दाब हलका की खोल यावरून आणखी अर्थ. मधे पूर्ण शांतता. आमच्या लहानपणी पेठेतले वैद्य बायकांचा डावा आणि पुरुषांचा उजवाच हात बघायचे. इथे दोन्ही बघतात.

मग प्रश्न. थंडी वाजते की उकडतं? घाम कधी येतो? तहान गार पाण्याची की कोमट? झोप? पोट साफ? पाळी? रात्री दुखणं वाढतं का? शेकल्यावर बरं वाटतं का? पाऊस येणार असेल तर आधी कळतं का? हाडांच्या डॉक्टरांनी यातलं एकही विचारलं नव्हतं, आणि त्यांना दोष नाही, त्यांना लागत नव्हतं. पण दोन महिन्यांनी कुणीतरी मला सलग पंधरा मिनिटं माझ्याबद्दल विचारत होतं. माझे डोळे भरून आले. ॲपमध्ये बोलायचं सुचेना.

“जीभ दाखवा.” दाखवली. डॉक्टरबाईंच्या भुवया चढल्या. पुन्हा दाखवायला सांगितली. टॉर्च आणला. नाडी सांगत होती थंडी आणि दमटपणा, शेकल्यावर बरं वाटतं हेही त्याला धरून, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, तेही दमटपणाकडे बोट दाखवणारे. मात्र जिभेवरचा थर पिवळाजर्द, म्हणजे त्यांच्या शास्त्राप्रमाणे आतमध्ये उष्णता. जुळेना. शेवटी त्यांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं? आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळदीचं दूध! मी फोनवर हळदीचा फोटो काढून दाखवला. त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावली. दवाखान्यात जाण्याआधी दोन-तीन तास कॉफी, चहा, रंगीत गोळ्या, हळद काही घेऊ नका, आणि जीभ घासूनही जाऊ नका. त्यांना ती जशी आहे तशी बघायची असते.

निदान झालं ‘बी’. म्हणजे अडथळा, तुंबणं. वारा, थंडी आणि दमटपणा खांद्यातल्या वाटांत शिरून बसलेत, त्यामुळे ‘छी’ आणि रक्त वाहत नाही. छीला मराठीत काय म्हणावं? प्राण म्हटलं तर फार मोठं होतं, वाफ म्हटलं तर फार लहान. त्यांनी एक म्हण सांगितली, तिचा अर्थ, जिथे वाहतं तिथे दुखत नाही, जिथे दुखतं तिथे वाहत नाही. गंमत अशी की चिनीत वाहणं आणि दुखणं दोन्ही ‘थोंग’, फक्त आवाजाची चढण वेगळी.

सुया शुक्रवारी टोचायच्या ठरल्या. ११ ऑक्टोबर. अष्टमी. माझा उपवास. सकाळपासून एक केळं आणि अर्धा कप दूध (बिनहळदीचं). खुर्चीत बसवून खांद्याभोवती तीन सुया गेल्या, विशेष काही वाटलं नाही. चौथी अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोबणीत गेली आणि कानात घंटा वाजायला लागल्या. घाम, डोळ्यांपुढे काळोख. पुढचं आठवतंय ते आडवी पडलेय, सुया काढलेल्या, पाय वर, आणि नर्स कोमट साखरपाणी पाजतेय. सुईने येणाऱ्या घेरीला त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे, इतकं ते नेहमीचं. चूक पूर्ण माझी होती. भिंतीवर चित्र लावलेलं होतं, उपाशीपोटी येऊ नका. तेव्हापासून जेवूनच गेले आणि कायम आडवं पडूनच सुया घेतल्या.

इथे सहा बैठकांचा एक फेरा धरतात. आमच्या दवाखान्यात नोंदणीचे १०० फक्त पहिल्या दिवशी, मग दर वेळी ५०. म्हणजे एका फेऱ्याचे ४००. आठवड्यातून दोनदा जायचं. पडद्यांच्या खोपटात आडवं पडायचं, सुया लावून वर लाल दिव्याचा शेक, वीस मिनिटं. सुई केसासारखी बारीक, एकदाच वापरायची, पाकीट समोर फोडतात. नसेल फोडत तर तिथून उठा.

सुई नुसती टोचून भागत नाही. टोचून जरा फिरवतात आणि विचारतात, “स्वान?” हा शब्द मी भाजीबाजारात शिकले होते, कैरी-लिंबाच्या संदर्भात. स्वान म्हणजे आंबट. खांद्यात आंबट कसं लागेल? ॲपही तेच सांगत होतं, ‘आंबट आहे का?’ तिसऱ्या बैठकीला सुई वळली आणि आतून एक जड, ओला, पसरत जाणारा ठणका आला, कळ म्हणावी तर कळ नव्हे. आणि मला मराठीतच उत्तर मिळालं. अंग आंबणं! दिवाळीचा फराळ करून अंग आंबून जातं, ते. चिनी माणसाचंही अंग आंबतंच. त्या दिवसापासून मी टाळी वाजवल्यासारखी “स्वान, स्वान!” म्हणायला लागले. याशिवाय आणखी दोन शब्द पाठ करा : ‘मा’ म्हणजे मुंग्या, ‘जांग’ म्हणजे भरून आल्यासारखं, तट्ट. हे तिन्ही आले की सुई जागेवर लागली असं ते समजतात. मात्र विजेसारखी चमक किंवा बारीक धारदार दुखणं असेल तर लगेच सांगायचं.

पाचव्या बैठकीला त्यांनी खांद्याला हातच लावला नाही. नडगीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि घोट्याच्या साधारण मध्यावर एक लांब सुई घातली आणि म्हणाल्या, आता हात वर करा. पायात सुई आणि हात वर! खांदेदुखीसाठी ही जागा त्यांच्याकडे प्रसिद्ध आहे. हात नेहमीपेक्षा जरा वर गेला. पायाकडे लक्ष गेल्यामुळे खांद्याला घाबरायची विसरले, की खरंच काही झालं? मला सांगता येणार नाही. घरी येऊन पट्टीवर बघितलं तर चार सेंटिमीटर वाढले होते, दुसऱ्या दिवशी त्यातले दोन परत गेले.

आता पुड्या. विम्यात काढ्याच्या सुट्या मुळ्या-साली सहसा बसत नाहीत. कारखान्यात काढा आटवून केलेली पूड बसते. यंत्रातून पुड्यांची माळ निघते, दिवसातून तीन, जेवणानंतर कोमट पाण्याबरोबर. औषधाचे दिवस वाढले की वर थोडे पैसे लागतात, मला दर वेळी ४० लागले. चव? भिजलेल्या पुस्तकाची. पहिल्या पाकिटावरचं नाव घरी येऊन शोधलं. जुना काढा, ‘बी’ हटवणारा म्हणूनच त्याचं नाव. घटक एकेक करून बघत गेले : ज्यांग-ह्वांग. हळद! शंग-ज्यांग, आलं. गान-त्साओ, ज्येष्ठमधाचा चिनी भाऊ. बाकी चार-पाच मुळ्या तिकडच्या. चिनी वैद्यकात हळद विशेषतः खांदा आणि दंडाच्या दुखण्यावर देतात. पुण्याहून समुद्र ओलांडून आले, जिभेवरच्या हळदीने निदानात घोळ घातला आणि औषध म्हणून हातात पडली ती हळद. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “मग मी काय वेगळं सांगत होते?”

पण ज्येष्ठमधावरून एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. ते जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढू शकतो, आणि मी रक्तदाबाची गोळी घेते. इथे डॉक्टरांना विम्याच्या यंत्रणेतून तुमची इतर औषधं दिसतात, पण माझ्या गोळ्या पुण्याहून आणलेल्या, त्या कुठेच नोंदल्या नव्हत्या. मी पाकीट दाखवल्यावर त्यांनी दुसऱ्या खेपेपासून औषध बदललं आणि मी घरी रोज रक्तदाब मोजला. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तर न विचारता यातलं काही घेऊ नये. बाजारातल्या सुट्या पुड्या अजिबात नकोत. तैवानने २००३मध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पतींवर बंदी घातली; त्याआधी त्यांच्यापायी लोकांची मूत्रपिंडं निकामी झाली, मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. ‘वनस्पतीच आहे, काय होतंय’ हे वाक्य दोन्ही देशांत सारखंच धोक्याचं आहे. आपल्याकडची ईश्वरी त्या बंदी घातलेल्या वनस्पतींच्याच कुळातली.

३१ ऑक्टोबरला माझी सातवी बैठक होती, झाली नाही. कोंग-रे चक्रीवादळ आलं आणि अख्ख्या तैवानला सुट्टी जाहीर झाली. त्याच दिवशी नरक चतुर्दशी. बाहेर खिडक्या थरथरताहेत आणि नवरा मोरीत पाटावर बसलेल्या बायकोच्या पाठीला तेल लावतोय, कारण तिचा हात मागे जात नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा. उटणं लावताना तो म्हणाला, “हे त्या सुयांपेक्षा स्वस्त आहे.”

नोव्हेंबरअखेर सर्दी झाली, आणि या शास्त्राची पद्धत मला खांद्यापेक्षा त्या सर्दीत जास्त कळली. मी म्हटलं, सर्दीचं औषध द्या. त्या म्हणाल्या, कुठल्या? नाकातून पाणी, हुडहुडी, अंग मोडून येणं, घसा ठीक, म्हणजे वारा आणि थंडी. त्याला दालचिनीच्या डहाळ्या, आलं, घाम आणणारं औषध. घसा लाल, कफ पिवळा, तहान, म्हणजे वारा आणि उष्णता; त्याला थंड गुणाची फुलंपानं. पहिल्या वाटेचा मूळ ग्रंथ सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा, जांग जोंगजिंग या वैद्याचा. दुसरी वाट खूप नंतरची; तिचा प्रसिद्ध ग्रंथ १७९८चा. माझी पहिल्या जातीची निघाली, म्हणून दालचिनी मिळाली. तीन दिवसांनी घसा लाल झाला तर औषध पालटलं. एकच सर्दी, एकच बाई, औषधं दोन. सर्दी आठवड्यात गेली. ती तशीही आठवड्यात जाते.

खाण्याची पथ्यं ऐकून आपल्याला फार नवल वाटत नाही. बर्फ बंद, कच्चं कमी, कलिंगड थंड, लिची उष्ण. आंब्याबद्दल तर आमा आणि माझी आई यांनी एकमेकींना न भेटता एकच व्याख्यान दिलं असतं. पण ‘थंड-उष्ण’ सारखं वाटलं म्हणून चिनी वैद्यक म्हणजे आयुर्वेदच असं समजू नका. तीन दोष तिथे नाहीत, आपल्याकडे सुयांच्या वाटा नाहीत. मी सुरुवातीला प्रत्येक गोष्टीला मराठी प्रतिशब्द लावत सुटले होते, डॉक्टरबाईंनी एकदा सौम्यपणे थांबवलं.

डिसेंबरात तीनदा तुंबड्या लावून घेतल्या. हो, आपल्या तुंबड्याच, काचेच्या, रक्त न काढता नुसत्या ओढून धरणाऱ्या. त्या विम्याबाहेर, दर खेपेला १५०. पाठीवर जांभळी चकदळं आठ दिवस राहतात, व्हिडिओ कॉलवर मागचा गळा झाकून बसा. एकदा पेटत्या ‘आय’च्या कांडीने शेकलं. आय म्हणजे दवण्याच्याच कुळातली वनस्पती, आणि धूर निराळा असला तरी त्याच्या तळाशी कुठेतरी जोतिबाच्या चैत्रातला वास होता. डोळे मिटून पडून राहिले.

जानेवारी २०२५ वाईट गेला. २८ तारखेला त्यांच्या नववर्षाची आदली रात्र. त्या आठवड्यात दवाखाना बंद. त्याआधी मी तापाने पडले होते. एकूण तीन आठवडे सुया नाहीत, पुड्या नाहीत, फक्त भिंतीवरचा व्यायाम. घाबरत पट्टीवर बघितलं. ८ ऑक्टोबरला १२७ सेंटिमीटर, डिसेंबरात १४१, आणि या खंडानंतर फेब्रुवारीत १५०. सुया नसतानाही खूण वर गेली होती.

त्या रात्री मी बँकेतल्यासारखा ताळा करायला बसले. एका बाजूला आठ वेगवेगळ्या नोंदी : सुया, पुड्या, शेक, व्यायाम, तेल, गोडाला दिलेला चाट, आमांची ओढणी, आणि काळ. दुसऱ्या बाजूला एकच आकडा, सेंटिमीटर. कुठली नोंद कुठल्या सेंटिमीटरची, हे जुळवायला जागाच नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले होतेच, हा खांदा कालांतराने आपला आपण सुटतो. खऱ्या सुया आणि खोट्या सुया टोचून केलेल्या चाचण्यांत बऱ्याच दुखण्यांत फरक थोडाच दिसतो, हेही मी वाचलंय. शरीर चिरून छीच्या वाटा कुणाला सापडलेल्या नाहीत. मी डॉक्टरबाईंना हे सगळं, जरा मऊ करून, विचारलं. त्यांनी व्यायामाचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, हा सोडू नका. सुयांमुळे दुखणं कमी झालं तर व्यायाम होतो. मला ते पटलं. सुई लावलेल्या रात्री मी झोपायचे, हे मात्र नक्की. ऑगस्ट-सप्टेंबरात दोन-तीन तासांच्या वर झोप नव्हती. जिला पुराव्यानेच चालायचं आहे तिने सरळ फिजिओथेरपीला जावं. तीही इथे विम्यात बसते आणि तितकीच स्वस्त आहे. आणि साखर, एक्स-रे आधी करून घेतल्याशिवाय नुसत्या नाडीवर विसंबू नका. खांदा दुखण्याची कारणं खांद्यातच असतात असं नाही.

पाच फेरे झाले, म्हणजे तीस बैठका, २,०००. तुंबड्या ४५०. पुड्यांची जादा रक्कम २४०. एकूण २,६९० तैवानी डॉलर, आपले सात हजारांच्या आसपास, आठ महिन्यांत. ऑगस्टमधले १,३५० वेगळे, विम्याचा मासिक हप्ता नवऱ्याच्या पगारातून कापला जातो तोही वेगळा.

३० मार्चला पाडवा होता, रविवार. गुढी बाल्कनीत उभी केली, म्हणजे दोन माणसांनी मिळून धरली, कारण शिन्चूचा वारा गडू पळवून नेईल अशी परिस्थिती. खूण त्या दिवशी १७४. मे महिन्यात १८५. डाव्या हाताची खूण १९१ आहे, सहा सेंटिमीटर अजून यायचे आहेत. पाठीमागे हूक लागतो, पण दुसऱ्या प्रयत्नात.

शेवटच्या बैठकीला डॉक्टरबाईंनी सांगितलं की काही जणांना काही वर्षांत दुसरा खांदाही धरतो. भीती घालायला नाही, लक्ष ठेवायला. हाडांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पट्टीवर आता दोन रकाने आहेत. रविवारी सकाळी आधी उजवा हात लावते, मग डावा. काल डावा १९० होता. एका सेंटिमीटरचा फरक पेन्सिलीच्या टोकाचा असेल. तरी पुढच्या रविवारपर्यंत बाल्कनीत जाताना ओढणी घेते आहे.